कॅमेरा जिथे उभा होता तिथे: चित्रपटांच्या खऱ्या चित्रीकरणस्थळांना भेट कशी द्यावी

चित्रपटात मनात भरलेल्या जागी प्रत्यक्ष जाऊन उभे राहिल्यावर अनेकांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘एवढीच?’ हा. पडद्यावर लांबच लांब वाटलेला जिना दोन मिनिटांत चढून होतो, ऐसपैस वाटलेले अंगण वीस पावलांत संपते आणि ज्या वळणावरून नायक दिसेनासा झाला होता त्या वळणापुढे लगेच एक कुंपण लागते. यात जागेचा काहीच दोष नसतो. पडद्यावर आपण ती जागा पाहिलेलीच नसते. एका ठरावीक बिंदूवर, ठरावीक उंचीवर आणि ठरावीक वेळी ठेवलेल्या कॅमेऱ्याला तिच्यातले जेवढे दिसले, तेवढेच आपण पाहिलेले असते. म्हणून अशा प्रवासाची तयारी करताना ‘चित्रीकरण कोणत्या गावात झाले’ एवढ्यावर थांबू नये, तर ‘कॅमेरा नेमका कुठे उभा होता’ हे शोधायला निघावे. गावापर्यंत कोणीही पोहोचवते. त्या बिंदूपर्यंत मात्र स्वतःच पोहोचावे लागते, आणि या छंदातला खरा आनंद तिथेच आहे.

पायरी १: चित्रपट नव्हे, प्रसंग निवडा

एका चित्रपटाचे चित्रीकरण अनेकदा दहा-वीस ठिकाणी आणि कधी दोन-तीन देशांत झालेले असते, त्यामुळे ‘या चित्रपटाच्या जागा पाहायच्या आहेत’ असे म्हणून निघालेला माणूस अर्धा वेळ प्रवासातच घालवतो. त्याऐवजी जे प्रसंग डोळे मिटल्यावरही दिसतात असे तीन ते पाच प्रसंग निवडावेत. ते आवाज बंद करून, पुन्हा पुन्हा थांबवत पाहावेत आणि प्रत्येकाची नोंद वहीत करावी: चित्रपटात तो कोणत्या मिनिटाला येतो, प्रसंग उघड्यावरचा आहे की खोलीतला, आणि चौकटीत, म्हणजे पडद्यावर थांबवलेल्या त्या एका चित्रात, न बदलणारे काय आहे. डोंगराची कड, पुलाची कमान, दगडी पायऱ्या, चर्चचा मनोरा अशा गोष्टी न बदलणाऱ्यांत मोडतात. दुकानांच्या पाट्या, झाडे, भिंतींचे रंग आणि विजेचे खांब यांवर विसंबून चालत नाही.

खोलीतले प्रसंग यादीतून आधीच वगळलेले बरे, कारण आतले दृश्य बहुधा स्टुडिओतले असते. ‘इंडियाना जोन्स अँड द लास्ट क्रुसेड’ (१९८९) या चित्रपटात जॉर्डनमधल्या पेट्रा येथील अल खझने या खडकात कोरलेल्या वास्तूच्या दारातून आत गेल्यावर मोठे दालन आणि प्राणघातक सापळे दिसतात; प्रत्यक्षात त्या कोरीव दर्शनी भागामागे लहान, रिकाम्या खोल्या आहेत आणि पडद्यावरचे दालन इंग्लंडमधल्या स्टुडिओत उभे केले होते. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ (१९६५) मधला काचेचा मंडप आज ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या हेलब्रुन उद्यानात आहे, परंतु त्यात नृत्याला जागा पुरत नसल्यामुळे आतले प्रसंग हॉलिवुडमध्ये बांधलेल्या मोठ्या मंडपात चित्रित झाले. हे आधी ठाऊक असले की मंडपाचे दार कुलूपबंद दिसल्यावरही हिरमोड होत नाही.

पायरी २: जागा शोधून काढा, आणि मग तिच्यावर शंका घ्या

शोधाची सुरुवात चित्रपटाच्या शेवटच्या श्रेयनामावलीपासून करावी. प्रेक्षक उठून जातात तेव्हा पडद्यावरून सरकणाऱ्या आभारांच्या ओळींत ग्रामपंचायत, वनखाते, रेल्वे, एखाद्या वाड्याचे मालक किंवा हॉटेल यांची नावे असतात, आणि जिल्हा कळायला अनेकदा तेवढे पुरते. त्यानंतर दिग्दर्शक, छायाचित्रणकार आणि कला-दिग्दर्शक यांच्या मुलाखती शोधाव्यात. या कामी अभिनेत्यांच्या मुलाखतींपेक्षा कला-दिग्दर्शकाची मुलाखत दसपट उपयोगी पडते, कारण जागा शोधणे आणि बदलणे हे त्याचे कामच असते. अनेक देशांत चित्रीकरणाला साहाय्य करणारी सरकारी किंवा प्रादेशिक मंडळे असतात आणि त्यांतली काही स्वतःच स्थळांचे नकाशे प्रसिद्ध करतात.

जिल्हा कळला की उपग्रह नकाशा उघडावा. इथे चौकटीतल्या सावल्या फार मदत करतात. उत्तर गोलार्धात कर्कवृत्ताच्या उत्तरेला भर दुपारची सावली नेहमी उत्तरेकडे पडते, त्यामुळे दृश्यात दुपार असेल तर कॅमेऱ्याचे तोंड साधारण कोणत्या दिशेला होते हे सावलीवरून सांगता येते. उष्ण कटिबंधात मात्र उन्हाळ्यात सूर्य डोक्यावरून उत्तरेकडेही सरकतो, म्हणून तिथे हा आडाखा जपून वापरावा. नदीचे वळण, रस्ता आणि रेल्वेमार्ग यांमधला कोन, छपरांचा आकार यांची चौकटीशी तुलना करत गेले की शेकडो शक्यतांमधून दोन-तीन उरतात. मग रस्त्यावरून घेतलेली छायाचित्रे दाखवणारे नकाशे पाहावेत, आणि ‘गूगल अर्थ’मध्ये जुन्या वर्षांची उपग्रह छायाचित्रे पाहण्याची सोय आहे तीही वापरावी, कारण चित्रीकरणाच्या काळात तिथे काय होते हे आजच्या छायाचित्रात दिसत नाही. एवढे करूनही काहीच जुळत नसेल तर चौकट उलटी करून पाहावी. संकलनाच्या सोयीसाठी दृश्य कधीकधी आरशात पाहावे तसे फिरवलेले असते. शर्टाची बटणे किंवा गाडीचे स्टिअरिंग भलत्याच बाजूला दिसले की ते लक्षात येते.

जागा सापडली असे वाटल्यावर तिच्यावर शंका घेणे ही या पायरीची दुसरी आणि अधिक महत्त्वाची बाजू आहे. पडद्यावरचे एक घर म्हणजे जमिनीवरची दोन-तीन घरे असू शकतात. ‘द साउंड ऑफ म्युझिक’मधल्या कुटुंबाच्या घराची पुढची बाजू साल्झबुर्गच्या फ्रोनबुर्ग वाड्याची आहे, तर तळ्याकाठची मागची बाजू लिओपोल्ड्सक्रोनच्या तळ्याशी चित्रित केलेली आहे. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधले नायकाचे घर तर याहून विखुरलेले आहे: जमिनीखालचे अंगण ट्युनिशियातल्या मातमाता गावच्या एका भूमिगत हॉटेलात आहे, आणि बाहेरून दिसणारा घुमट त्या गावापासून दूर, शोत एल जरीद या मिठाच्या वाळवंटात आहे. तसेच ‘हॅरी पॉटर’ मालिकेतल्या ‘पावणेदहा’ फलाटाचे चित्रीकरण लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातल्या चार आणि पाच क्रमांकांच्या फलाटांमध्ये झाले. मालिकेत बाहेरून दिसणारी भव्य लाल इमारत शेजारच्या सेंट पँक्रसची आहे. आणि लोक ज्या भिंतीत शिरलेल्या ढकलगाडीपाशी छायाचित्रासाठी रांग लावतात, ती चाहत्यांसाठी स्थानकाच्या प्रवेशदालनात बसवलेली आहे.

कधीकधी जागा खरी असते आणि भूगोल खोटा. ‘द बीच’ (२०००) मध्ये चहूबाजूंनी कड्यांनी बंद झालेला किनारा दिसतो. थायलंडमधल्या माया बे या उपसागराला प्रत्यक्षात समुद्राकडे उघडणारे तोंड आहे आणि ते संगणकावर डोंगर काढून बुजवले होते. कधी तर पडद्यावरच्या शहरात चित्रीकरण झालेलेच नसते. ‘कॅसाब्लांका’ (१९४२) अमेरिकेत, मुख्यतः स्टुडिओत चित्रित झाला. मोरोक्कोतल्या कॅसाब्लांका शहरात त्यातल्या कॅफेच्या नावाचे उपाहारगृह २००४ मध्ये, चित्रपटानंतर सहा दशकांनी सुरू झाले. तिथे जाऊ नये असे मुळीच नाही, पण आपण पडद्याची आठवण पाहायला चाललो आहोत, चित्रीकरणस्थळ नव्हे, हे स्वतःशी स्पष्ट असावे. माझा नियम असा आहे की एकमेकांवरून न उचललेल्या दोन स्रोतांनी दुजोरा दिला आणि चौकटीतल्या किमान तीन न बदलणाऱ्या गोष्टी नकाशाशी जुळल्या, तरच तिकीट काढावे.

पायरी ३: आज तिथे काय उरले आहे ते पाहा

‘शोले’ (१९७५) मधले रामगढ हे गाव कर्नाटकात रामनगर येथे खडकाळ टेकड्यांच्या पायथ्याशी उभारलेला सेट होता. कला-दिग्दर्शक राम येडेकर यांनी उभे केलेले ते गाव चित्रीकरण संपल्यावर उतरवण्यात आले. तिथे ठाकुराची हवेली शोधत फिरणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तेच, टेकड्यांच्या कडा डोळ्यांपुढे ठेवून गेलेल्याला प्रत्येक वळणावर चित्रपट दिसतो, कारण ते खडक जसेच्या तसे उभे आहेत. सेट गेला तरी क्षितिज उरते, आणि जुन्या चित्रपटांच्या बाबतीत शोध नेहमी क्षितिजापासून सुरू करावा असे मी आवर्जून सांगेन. रामनगरच्या या टेकड्यांमध्ये गिधाडांसाठी राखलेले अभयारण्य आहे, तेव्हा आज तिथे जाताना ते वनक्षेत्र आहे हे धरूनच नियोजन करावे लागते.

याच्या अगदी उलट उदाहरण स्पेनमधल्या बुर्गोस प्रांतात आहे. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (१९६६) च्या अखेरच्या प्रसंगातली वर्तुळाकार स्मशानभूमी स्पॅनिश सैनिकांच्या मदतीने बांधली होती. चित्रीकरणानंतर ती तशीच सोडून दिली गेली आणि सुमारे पन्नास वर्षांत गवताखाली गेली. मग स्थानिक चाहत्यांनी एक संघटना काढली आणि २०१५ पासून फावडी-कुदळी घेऊन, वीतभर माती बाजूला करून मधल्या चौथऱ्याची मूळ फरसबंदी उघडी केली. फरसबंदीचा तो गोल पुन्हा दिसू लागला तेव्हा कॅमेरा कुठे होता हेही त्याबरोबर सापडले. एखाद्या चित्रपटावर माणसे किती जीव लावू शकतात याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

न्यूझीलंडमधल्या मातामाता गावाजवळच्या शेतातले हॉबिटन हे चित्रपटासाठी उभारलेले गाव हा तिसरा प्रकार. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’साठी तिथे केलेला पहिला सेट तात्पुरत्या साहित्याचा होता, पुढे ‘द हॉबिट’च्या वेळी तो टिकाऊ साहित्यात पुन्हा बांधला गेला आणि आज मार्गदर्शकासह ठरवून दिलेल्या फेरीतच पाहता येतो. म्हणजे आपण पाहतो ती दारे पहिल्या चित्रपटांतली नसतात, मात्र तळे, टेकडी आणि उतार तेच असतात.

सुटी वस्तू मात्र बहुतेक वेळा जागेवर नसते. ‘फॉरेस्ट गम्प’ (१९९४) मधला बाक अमेरिकेतल्या सॅव्हाना शहराच्या चिपेवा चौकात चित्रीकरणापुरता ठेवला होता, आणि तो पाहायचा असेल तर त्याच शहरातल्या इतिहास संग्रहालयात जावे लागते. कधी वस्तू मुद्दाम हलवलेली असते. अलास्कातल्या स्टॅम्पीड वाटेवरची जुनी बस ‘इनटू द वाइल्ड’ (२००७) मुळे जगभर माहीत झाली. चित्रपटात दिसणारी बस ही तिची प्रतिकृती होती, तरी लोक मूळ बस पाहायला रानात जात राहिले. वाटेतल्या नदीत २०१० आणि २०१९ मध्ये दोघींचा बुडून मृत्यू झाला आणि कित्येकांची सुटका करावी लागली. अखेर जून २०२० मध्ये हेलिकॉप्टरने ती बस उचलून नेण्यात आली. निघण्याआधी ताजी माहिती का घ्यायची याला हे एक उदाहरण पुरेसे आहे.

पायरी ४: जागा कोणाची आहे आणि आत जाता येते का

प्रत्येक जागेपुढे वहीत ‘कोणाची’ असा एक रकाना असावा. सार्वजनिक रस्ता, खासगी घर, देवस्थान, वनक्षेत्र, रेल्वे, लष्करी हद्द, शाळा यांपैकी ती काय आहे, यावर पुढचे सारे ठरते. प्रवेशाचे नियम जागेच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहावेत. प्रवाशांनी दोन वर्षांपूर्वी लिहिलेल्या मजकुरावर विसंबू नये, कारण चित्रपटामुळे गर्दी वाढली की नियम बदलतात. माया बे पर्यटकांच्या लोंढ्याने प्रवाळ खराब झाल्यामुळे जून २०१८ मध्ये बंद करण्यात आला आणि जानेवारी २०२२ मध्ये उघडला तो नव्या अटींसह: बोटी उपसागरात येत नाहीत, मागच्या बाजूला लागतात, आणि एका वेळी आत असणाऱ्यांची संख्या मर्यादित आहे. आयर्लंडच्या किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरवरचे स्केलिग मायकल हे बेट ‘स्टार वॉर्स’च्या २०१५ आणि २०१७ च्या चित्रपटांत दिसते. तिथे उतरण्याचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर एवढाच असतो, दिवसाला जेमतेम १८० जणांना उतरू देतात, आणि समुद्र खवळला तर आरक्षण असूनही बोट जात नाही. अशा ठिकाणी हाताशी दोन-तीन मोकळे दिवस ठेवल्याशिवाय जाऊ नये, आणि ६१८ जुन्या दगडी पायऱ्यांना कठडा नाही हेही लक्षात ठेवावे.

खासगी घर असेल तर सार्वजनिक रस्त्यावरून, थोड्या वेळात आणि हळू आवाजात पाहून निघावे. घंटी वाजवून ‘आत येऊ का’ असे विचारणेही टाळावे. अमेरिकेतल्या आल्बुकर्की शहरातले एक साधे घर ‘ब्रेकिंग बॅड’ या मालिकेत नायकाचे घर म्हणून दाखवले गेले. मालिकेतल्या एका प्रसंगाची नक्कल म्हणून लोक त्याच्या छपरावर खरोखर पिझ्झा फेकू लागले आणि अखेर २०१७ मध्ये घरमालकांना भोवती उंच कुंपण घालावे लागले. लडाखमधल्या शे येथील ज्या शाळेत ‘थ्री इडियट्स’ (२००९) चे काही चित्रीकरण झाले, तिनेही पर्यटकांमुळे मुलांच्या अभ्यासात व्यत्यय येत असल्याने चित्रपटात दिसलेली भिंत पुसून टाकण्याचा निर्णय २०१८ मध्ये जाहीर केला. कॅमेरा तिथे काही दिवसच होता, मुले मात्र रोज तिथे बसतात. शाळा, रुग्णालय आणि घर यांच्या बाबतीत ‘परवानगी नाकारली नाही’ याचा अर्थ ‘परवानगी दिली’ असा कधीही करू नये.

ट्रायपॉड आणि ड्रोन यांची चौकशी वेगळी करावी. हातातल्या कॅमेऱ्याला मुभा असते अशा अनेक वारसास्थळी ट्रायपॉड लावणे हे व्यावसायिक चित्रीकरण मानतात, आणि ड्रोनचे नियम तर देशागणिक बदलतात.

पायरी ५: महिना आणि वेळ जुळवा

दृश्यातला प्रकाश हवा असेल तर सूर्य त्याच जागी असला पाहिजे. सूर्य आकाशातून ज्या वाटेने जातो ती वाट वर्षातून दोनदा सारखी असते, कारण अयनदिनाच्या (वर्षातल्या सर्वांत मोठ्या किंवा सर्वांत लहान दिवसाच्या) दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर असलेल्या दिवसांची जोडी जमते. उदाहरणार्थ २१ एप्रिल आणि २२ ऑगस्ट या दोन दिवशी सूर्य जवळजवळ त्याच मार्गाने जातो. चित्रीकरणाच्या महिन्यात जाणे जमत नसेल तर ही जोडीची तारीख शोधावी. सावल्या जुळतील, हिरवळ, पाणी आणि धुके जुळतीलच असे नाही. दिवसाचा प्रहर सावलीच्या लांबीवरून काढावा, मात्र रात्रीचा प्रसंग अनेकदा भर दिवसा चित्रित करून गडद केलेला असतो, तेव्हा ‘रात्री’ जमिनीवर धारदार सावली दिसली तर ते ऊन समजावे. पेट्राच्या अल खझनेवर थेट ऊन सकाळच्या मधल्या वेळेतच येते, कारण त्याचे तोंड पूर्वेकडे असून समोर उंच कडा आहे. दुपारी पोहोचणाऱ्याला तो दर्शनी भाग सावलीतच पाहावा लागतो.

पाण्याकाठच्या जागांना भरती-ओहोटी आणि नदीची पातळी यांचा हिशेब लागतो. वाईजवळ मेणवलीला ‘स्वदेस’ (२००४) मुळे अनेकांना ओळखीचा झालेला कृष्णेचा घाट आहे. तिथे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याजवळच्या चौकटीत दिसणारा कोन काही केल्या मिळेना. घाटावर कपडे धूत असलेल्या एका काकूंना छापील चौकट दाखवली, तेव्हा त्यांनी हात न पुसताच मान वळवून पाहिले आणि म्हणाल्या, “अहो, पाणी चढलंय ना. ती पायरी खाली गेली.” मी जिथे उभे राहायला हवे होते ती पायरी त्या दिवशी गुडघाभर पाण्याखाली होती. पुढच्या खेपेला पाणी उतरल्यावर गेलो आणि पाच मिनिटांत कोन सापडला.

पायरी ६: चौकटी बरोबर न्या

निवडलेल्या प्रत्येक प्रसंगाच्या दोन चौकटी फोनमध्ये साठवाव्यात आणि शक्य तर कागदावरही छापून घ्याव्यात, कारण उन्हात फोनचा पडदा दिसत नाही आणि डोंगरात त्याची बॅटरी लवकर उतरते. अभिनेत्यांचे चेहरे असलेली चौकट नको. पार्श्वभूमी मोकळी दिसणारी घ्यावी. प्रत्येक चौकटीवर कॅमेऱ्याची अंदाजे दिशा, चित्रीकरणाचे वर्ष आणि न बदलणाऱ्या तीन खुणा पेनाने लिहून ठेवाव्यात. नकाशे ऑफलाइन उतरवून घ्यावेत. जागांचा क्रम चित्रपटातल्या क्रमाप्रमाणे न ठेवता प्रकाशाप्रमाणे लावावा: पूर्वाभिमुख जागा सकाळी, पश्चिमाभिमुख संध्याकाळी, आणि सावलीतल्या गल्ल्या मधल्या वेळी.

पायरी ७: तो बिंदू सापडेपर्यंत सरका

जागेवर पोहोचल्यावर लगेच कॅमेरा काढू नये. आधी चौकटीत अशा दोन वस्तू निवडाव्यात की ज्यांतली एक जवळची आणि एक दूरची आहे आणि ज्यांच्या कडा पडद्यावर एकमेकींना चिकटलेल्या किंवा अगदी शेजारी दिसतात: समजा, जवळचा दगडी खांब आणि मागचा मनोरा. आता उभ्या जागेवरून पाहिले तर बहुधा मनोरा खांबाच्या बराच डावीकडे किंवा उजवीकडे दिसेल. इथे एक साधी गोष्ट लक्षात ठेवावी: आपण बाजूला सरकतो तेव्हा दूरची वस्तू जवळच्या वस्तूच्या तुलनेत आपल्याबरोबर सरकते. मनोरा आणखी उजवीकडे हवा असेल तर आपण उजवीकडे सरकावे. दोन्ही कडा जुळल्या की त्या दोन वस्तूंमधून आपल्यापर्यंत येणारी एक सरळ रेषा पक्की झाली, आणि कॅमेरा त्याच रेषेवर कुठेतरी होता हे नक्की झाले.

त्यानंतर त्या रेषेवर पुढे-मागे व्हायचे. जवळ गेले की जवळची वस्तू दूरच्या वस्तूपेक्षा वेगाने मोठी होते. चौकटीत खांब मनोऱ्याच्या दुप्पट उंच दिसतो आणि आपल्याला दीडपटच दिसतो, तर पुढे जावे. तिप्पट दिसतो, तर मागे यावे. हे होईपर्यंत झूमला हात लावू नये. वस्तूंची एकमेकींच्या तुलनेतली मापे फक्त उभे राहण्याच्या अंतरावर ठरतात. झूमने दृश्य मोठे किंवा लहान होते, पण हे प्रमाण बदलत नाही. सुरुवातीला ‘एवढीच?’ असे वाटण्याचे कारणही हेच. जवळून रुंद लेन्सने घेतलेल्या दृश्यात अंगण पसरते, लांबून टेली लेन्सने (दूरचे मोठे करून दाखवणाऱ्या लेन्सने) घेतलेल्या दृश्यात डोंगर घराच्या पाठीला येऊन टेकतो, आणि पाहायला आलेला माणूस बहुधा या दोन्हींच्या मधेच कुठेतरी उभा राहतो. डोंगर लहान वाटला तर मागे, खूप मागे जावे. कॅमेरा अनेकदा रस्त्याच्या पलीकडे किंवा समोरच्या उतारावर असतो.

शेवटी उंची. सपाट जमिनीवर क्षितिजाची रेषा चौकटीतल्या सर्व उभ्या वस्तूंना कॅमेऱ्याच्या उंचीवरच कापते. क्षितिज माणसांच्या कंबरेवरून जात असेल तर कॅमेरा कंबरेइतक्या उंचीवर होता, आणि डोक्यांच्या वरून जात असेल तर तो क्रेनवर किंवा गच्चीवर होता. गुडघ्यावर बसून पाहिल्याशिवाय काही प्रसिद्ध दृश्ये जुळतच नाहीत. छायाचित्र घेताना चित्रपटाच्या पडद्याचा आकारही ध्यानात घ्यावा: रुंद पडद्याच्या चित्रपटांत रुंदी उंचीच्या जवळजवळ २.३९ पट असते आणि फोनचे छायाचित्र पुष्कळ उंच असते, म्हणून थोडे सैल घेऊन नंतर वरून-खालून कापावे.

तरीही काही जुळत नसेल तर तिथल्या वयस्कर माणसांना विचारावे, पण प्रश्न नीट विचारावा. ‘त्या चित्रपटाचे शूटिंग इथेच झाले ना?’ असे विचारले तर पाहुण्याचे मन मोडू नये म्हणून ‘हो’ असे उत्तर येते. चौकट पुढे करून ‘ही भिंत कुठे आहे?’ असे विचारावे. भिंत त्यांच्या ओळखीची असते.

पायरी ८: तिथे राहणाऱ्यांच्या आणि जिवाच्या मर्यादा

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला ‘जोकर’ (२०१९) मधला जिना तिथल्या रहिवाशांचा रोजचा रस्ता आहे. सामान घेऊन चढणाऱ्याला वाट मिळेल अशा बेताने, एका बाजूला उभे राहून आणि गर्दीची वेळ टाळून छायाचित्र घ्यावे. ‘फॉरेस्ट गम्प’मध्ये नायक जिथे धावणे थांबवतो ती जागा मॉन्युमेंट व्हॅलीजवळच्या १६३ क्रमांकाच्या महामार्गावर आहे. तिथे नेमका कोन मिळवायला लोक भरधाव वाहनांच्या रस्त्यात मधोमध उभे राहतात, आणि ते सर्वथा चुकीचे आहे. कडेला थांबून मिळेल तेवढाच कोन घ्यावा. रेल्वेमार्गाबाबत कोणताही अपवाद करू नये. स्कॉटलंडमधला २१ कमानींचा ग्लेनफिनन पूल ‘हॅरी पॉटर’मुळे ओळखीचा झाला असला तरी तो चालू लोहमार्ग आहे आणि त्याचे सर्वांत सुंदर दृश्य खालच्या टेकडीवरूनच दिसते. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ (१९९५) चा अखेरचा प्रसंग जिथे चित्रित झाला त्या आपटा स्थानकातही फलाटावरून पाहावे, रुळांवर उतरू नये. चित्रीकरणाच्या वेळी गाडी चित्रपटवाल्यांच्या सांगण्यावरून हलत होती. आपल्या वेळी ती वेळापत्रकाप्रमाणे येते. बिंदू रुळांवर, कड्याच्या टोकावर किंवा कोणाच्या अंगणात असेल तर जितके जवळ जाता येईल तितके जाऊन थांबावे आणि वहीत ‘इथून आठ मीटर पुढे’ असे लिहावे.

पायरी ९: नोंद करा

त्याच दिवशी, आठवण ताजी असताना, आपण जिथे उभे होतो त्याचे अक्षांश-रेखांश, कॅमेऱ्याची दिशा, तारीख, वेळ आणि तिथे काय बदलले ते लिहून काढावे. बदलांची नोंद विशेष काळजीने करावी: कोणते झाड वाढून दृश्य झाकले गेले, कोणती भिंत नवी आहे, कोणत्या पायऱ्या दुरुस्त झाल्या. मूळ चौकट आणि आपले छायाचित्र एकाखाली एक लावून पाहिले की चुकलेले अर्धे पाऊल तिथेच कळते आणि पुढच्या खेपेला ते सुधारता येते. ही माहिती इतरांना जरूर द्यावी. घर खासगी असेल तर मात्र त्याचा पत्ता आणि अक्षांश-रेखांश त्यातून गाळावेत, आणि नाजूक वनक्षेत्र असेल तर तिथे जाण्याची अधिकृत वाट तेवढीच सांगावी.